मटणाच्या पाकिटावरच्या तारखेबाबत पुरवणी जबाब

नाव : मूळ तक्रारीत आहे तेच. गल्लीत ‘पारखी आजी’ म्हणतात.
वय : कागदावर अडुसष्ट. खरे दोन-तीन वर्षे जास्तच असेल.
धंदा : सध्या घरकाम. पूर्वी कारखान्याच्या भोजनगृहात स्वयंपाक, सव्वीस वर्षे.
शिक्षण : पहिली, तीही पुरी नाही. मूळ तक्रारीत ‘चौथी पास’ आहे ते मीच सांगितले होते. ते खोटे आहे.
राहणार : दवाखान्यामागची गल्ली, पाण्याच्या टाकीसमोरची इमारत, दुसरा मजला. सोबत मुलगा व सून.

मी आज शुक्रवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी आपल्या पायाने पोलीस ठाण्यात आले आहे. मला कोणी बोलावलेले नाही, धमकावलेले नाही आणि पढवून पाठवलेलेही नाही. मी तोंडाने सांगते आणि समोरच्या हवालदारबाई लिहून घेतात, ते असे की,

मंगळवारी मी आमच्या चौकातल्या मटणवाल्याविरुद्ध सही करून तक्रार दिली. त्याला सगळे हळूभाऊ म्हणतात. तक्रारीत तीन गोष्टी आहेत. त्याने मुदत गेलेले मटण विकायला ठेवले. जुना कागद झाकायला त्यावर नवा कागद चिकटवला. आणि जाब विचारला म्हणून मला धरून ढकलले. या तिन्ही गोष्टी खोट्या आहेत. तो बुधवारी सकाळपासून तुमच्या कोठडीत आहे, कोर्टाने दिलेली दोन दिवसांची कोठडी आज संपते आणि आज दुपारी त्याला पुन्हा कोर्टात उभे करणार आहेत. त्याच्या आत हे लिहून व्हावे म्हणून मी मघाशी चहा नको म्हणाले.

मला मटणाची पारख आहे. हे मात्र खरे आहे, तेवढे लिहा. भोजनगृहात रोज चारशे माणसांचे मटण माझ्या हाताखालून जायचे. बोटाने दाबले की खड्डा भरून येतो का, चरबी पांढरी आहे की पिवळी पडली, हाडाची कड कोरडी झाली का, हे मी बोलता बोलता सांगायची. मुकादम माल उतरवून घेण्याआधी मला हाक मारायचा. तेव्हा मटण उघडे टांगलेले असायचे आणि विकणारा तोंडासमोर असायचा. आता थाळीत घालून वरून प्लास्टिक ताणून बसवतात. त्यातून वास येत नाही. बोट लावले तर दुकानातली पोरगी डोळे वटारते. सगळी अक्कल कागदावर जाऊन बसली, आणि कागद मला वाचता येत नाही. आकडे येतात. बसचा नंबर, फोनचा नंबर, तारीख. अक्षर येत नाही. सही येते. ती नवऱ्याने लग्नानंतर शिकवली, रांगोळी शिकवावी तशी, कुठून सुरू करायचे आणि कुठे वळवायचे.

ही गोष्ट नवरा सोडून कोणाला माहीत नाही असे मी धरून चालले होते. नवऱ्याला जाऊन अकरा वर्षे झाली.

इमारतीतल्या बायका पाकीट घेऊन माझ्याकडे येतात. “आजी, बघा हो जरा, ठीक आहे ना?” मी चष्मा लावते, पाकीट उजेडाकडे धरते, तिरके करून आत पाणी किती सुटले ते बघते आणि मग कागदावरून बोट फिरवते. वरचा आकडा कापल्याची तारीख आणि खालचा मुदत संपायची, असे मी मनाशी ठरवले होते. बहुतेक वेळा ते बरोबर निघायचे. माल कुठला ते विचारले तर मी चित्र बघायची. हिरवे डोंगर आणि कुंपण असले तर “इथलाच.” जहाज नाहीतर झेंडा असला तर “बाहेरचा.” काहीच चित्र नसले तर “सांगत नाही म्हणजे लपवतोय, परत करून ये.” अंड्याएवढ्या गोल शिक्क्यात एक नंबर असतो, त्याला मी वजन समजायची. अशी सहा-सात वर्षे मी गल्लीला मटण खाऊ घातले. कोणाचे पोट बिघडले नाही, म्हणून माझा तोरा वाढत गेला.

मंगळवारी सकाळी सव्वाअकराला मी हळूभाऊच्या दुकानात गेले. त्याला हळूभाऊ म्हणतात कारण त्याला काही विचारले तर उत्तर येईपर्यंत गिऱ्हाइकाची जांभई देऊन होते. दुकानात तेव्हा चार-पाच माणसे होती. त्यात आमच्या पहिल्या मजल्यावरची शिवणकामवाली होती, बाकीची तोंडओळखीची. काचेच्या कपाटात पुढच्या ओळीत पाकिटे होती. मी एक उचलले. मटण मऊ होते, गोठलेले नव्हते. कागदावर वरचा आकडा आठ महिन्यांपूर्वीचा होता. कागदाचा कोपरा जरा सुटला होता तो मी नखाने उचलला, तर खाली दुसरा कागद.

मी म्हणाले, “काय रे, आठ महिन्यांचं शिळं मढं विकतोस?”

तो म्हणाला, “आजी, ती गोठवल्याची तारीख आहे. वाचा ना, खाली लिहिलंय.”

मी म्हणाले, “मला शिकवतोस? तू रांगत होतास तेव्हापासून मी मटण बघतेय.”

तो म्हणाला, “वाचा तरी. खालच्या ओळीत आहे.”

मी म्हणाले, “आणि हे एकावर एक चिकटवलंय ते?”

तो म्हणाला, “ते दोन्ही ठेवावेच लागतात. वाचा, आजी.”

तीन वेळा तो वाचा म्हणाला. शिवणकामवाली माझ्या खांद्यावरून बघत होती. मी पाकीट माझ्या छातीशी धरले, तिला दिसू नये म्हणून. मग हळूभाऊ कपाटावरून पुढे वाकला आणि म्हणाला, “आजी, मी वाचून दाखवू का?”

हे तो इतक्या खालच्या आवाजात बोलला की दुसऱ्या कोणाला ऐकू गेले नसणार. तो नेहमीच हळू बोलतो, पण हे मुद्दाम हळू होते. त्याला कळले होते, आणि बाकीच्यांना कळू नये एवढ्यासाठी तो वाकला होता.

मी मागे वळून मोठ्याने ओरडले, “बघा, बघा! शिळं विकतो आणि वर म्हातारीला अडाणी म्हणतो!” तो तसे म्हणाला नव्हता. “नाही हो आजी, मी कुठं...” एवढेच त्याच्या तोंडून निघाले. त्याच्या चालीने तो वाक्य पुरे करेपर्यंत चार माणसे त्याच्यावर तुटून पडली होती. म्हणजे तोंडाने. मग बाहेरची माणसे आत आली. एकाने फोन वर धरून फोटो घेतले. पाकिटे जमिनीवर आली. कपाटाच्या काचेला तडा गेला. तो कोणी पाडला हे मी सांगू शकत नाही. माझी त्या बाजूला पाठ होती आणि मी ती वळवली नाही.

मी पाकीट पिशवीत टाकून निघाले. दुकानाच्या पायरीवर रबराची चटई आहे, तिच्यात माझा पाय अडकला. हळूभाऊ मागून आला आणि त्याने माझे कोपर धरले. म्हणाला, “सांभाळून.” मी हात झटकून खाली उतरले. त्याने मला हात लावला तो एवढाच. हा हात लावला नसता तर आज माझे कंबरडे मोडले असते.

दुपारी दीड वाजता वरच्या मजल्यावरचे अर्जवाले काका आमच्याकडे आले. ते सरकारी कचेरीतून निवृत्त झाले आहेत. नळाला पाणी बारीक आले तरी ते अर्ज करतात, म्हणून हे नाव. ते कागद घेऊनच आले होते. मला विचारले, “हात लावला का त्याने?” मी म्हणाले, “लावला.” हे खरे होते. “कुठं?” मी कोपर दाखवले. हेही खरे होते. त्यांनी पुढचे विचारले नाही आणि मी सांगितले नाही. शिक्षण विचारले तेव्हा चौथी पास सांगितले. पान भरून लिहून झाल्यावर त्यांनी ते माझ्यापुढे केले. “वाचून घ्या, आजी, मगच सही करा.” मी चष्मा लावला. एक पान वाचायला माणसाला किती वेळ लागतो याचा मला अंदाज आहे. नवरा वर्तमानपत्र वाचायचा तेव्हा मी बघून ठेवला होता. तेवढा वेळ मी पानावर डोळे फिरवले, मध्ये एकदा “हं” म्हणाले आणि सही केली. त्यात काय लिहिले होते ते मला माहीत नव्हते. वाचून दाखवा म्हणायला तोंड उघडले नाही. काकांनीच तो कागद ठाण्यात आणि अन्न तपासणीच्या कचेरीत नेऊन दिला.

चार वाजता अन्न तपासणीचे लोक आले, पाकिटांचे नमुने नेले आणि दुकानाला सील लावले. हे मी गॅलरीतून पाहिले.

संध्याकाळी सात वाजता सून कामावरून आली. ती औषधाच्या दुकानात आहे. तिने फ्रिज उघडला, ते पाकीट काढले आणि वाचले. ती हातात येईल ते मोठ्याने वाचते. तिने वाचले ते मी जसेच्या तसे सांगते. मेंढीचे मांस. पूर्वी गोठवलेले. गोठवल्याची तारीख, ती आठ महिन्यांपूर्वीची. बर्फ उतरवल्याची तारीख, ती सोमवारची. या तारखेपर्यंत वापरावे, ती गुरुवारची. पुन्हा गोठवू नये. जनावर वाढवले तो देश. कापले तोही तोच देश. इथे बर्फ उतरवून विकायला ठेवले, आणि खाली हळूभाऊच्या दुकानाचा पत्ता.

सून म्हणाली, “आई, याच्यात तर सगळंच लिहिलंय की. काय लपवलंय त्याने?”

मी म्हणाले, “खालचा कागद बघ.”

तिने तो सोडवला. म्हणाली, “हा तिकडच्या भाषेतला. वरचा आपल्या. तिकडचा काढून टाकायचा नसतो आणि नुसता तोच ठेवायचाही नसतो, लोकांना कळायला नको? मूळची माहिती तीच आहे बघा दोन्हींत. गोठवल्याच्या तारखेचे आकडे बघा, तेच.”

मी बघितले. आकडे तेच होते. आकडे मला येतात. ते मला दुकानात उभ्या उभ्या जुळवता आले असते. मी जुळवले नाहीत.

मी तिला विचारले, “मग डोंगर?” ती म्हणाली, “कसले डोंगर?” मी म्हणाले, “पाकिटावर छापतात ते.” ती म्हणाली, “ते कोणीही छापतं हो, आई. जनावर कुठं वाढलं, कुठं कापलं, ते बारीक अक्षरात खाली असतं. आणि या गोल शिक्क्यातल्या नंबरावरून कुठल्या कत्तलखान्यातून आलं ते काढता येतं.” मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “दुकानात तुम्ही चष्मा नेला नव्हता का?” मी नेला होता. मी म्हणाले, “नव्हता.” ती म्हणाली, “तेच म्हणते मी.”

इथे एक लिहून घ्या. ही सून घरात आल्याला नऊ वर्षे झाली. नऊ वर्षे ती औषधाची बाटली, लाइटचे बिल, लग्नाची पत्रिका, दारावर चिकटवलेली नोटीस, सगळे मोठ्याने वाचते. मी तिला बडबडी म्हणायची, चारचौघांत म्हणायची. तिची बहीण एकदा म्हणाली होती की माहेरी ही तासन् तास पुस्तक घेऊन बसते आणि घरात आहे की नाही तेही कळत नाही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

सून म्हणाली, “आता काय करायचं?” मी म्हणाले, “मोठं पातेलं काढ.” मी ते मटण शिजवले. गोठवलेल्याला सुटते तसे पाणी जास्त सुटले, बाकी काही दोष नव्हता. मुलाने दोनदा घेतले. मीही जेवले.

इथे हवालदारबाईंनी लिहायचे थांबून विचारले, “आजी, म्हणजे मुद्देमाल तुम्ही खाल्लात?” खाल्ला. भूक लागली म्हणून शिजवला नव्हता. पाकीट उरले असते तर दुसऱ्या कोणीतरी वाचले असते. हे लिहू का असे त्यांनी विचारले, मी हो म्हणाले.

दोन्ही कागद सुनेने सोडवून वहीत चिकटवून ठेवले होते. मी ते कचऱ्यात गेले असे समजत होते. आज सकाळी मी चपला घालत असताना तिने वही माझ्या पिशवीत ठेवली. ती वही जबाबासोबत जमा केली आहे.

बुधवारी सकाळी साडेआठला तुमचा एक पोलीस आमच्या दारात आला. त्याने विचारले, “आजी, तक्रारीत लिहिलंय ते सगळं खरं ना?” मी म्हणाले, “हो.” तेव्हा मटणाचे खोटे आहे हे मला माहीत होते आणि बाकी काय लिहिले आहे ते माहीत नव्हते. तरी मी हो म्हणाले. नऊ वाजता तुम्ही हळूभाऊला घेऊन गेलात. त्याने चपला घालायला थांबू का विचारले, ते मी वरून ऐकले. थांबू दिले की नाही ते दिसले नाही. गॅलरीत माझ्या शेजारी शिवणकामवाली उभी होती. ती म्हणाली, “बरं झालं. म्हाताऱ्या बाईला ढकलतो म्हणजे काय! आम्हाला तर दिसलंच नाही, एवढ्या चलाखीने ढकललं मेल्यानं.” ढकलण्याचे मला असे कळले. तेव्हा तरी बोलायला हवे होते. मी म्हणाले, “जाऊ दे, झालं ते झालं.” लोकांना वाटले आजीचे मन मोठे आहे.

त्याच दिवशी दुपारी ती कोंबडीचे पाकीट घेऊन आली. “आता तुम्ही बघितल्याशिवाय घासच उतरायचा नाही, आजी.” मी चष्मा लावला, उजेडाकडे धरले, कागदावर बोट फिरवले आणि म्हणाले, “चालेल.” त्या दिवशी आणखी दोघी आल्या. मी दोघींचीही पाकिटे बघितली.

काल गुरुवारी दुपारी चार वाजता हळूभाऊची बायको आमच्याकडे आली. मी घरात एकटी होते. ती भांडायला आली असे समजून मी पदर खोचून दार उघडले. मला भांडता येते, त्याची मला भीती नव्हती. ती चपला बाहेर काढून आत आली आणि उभीच राहिली. म्हणाली, “मावशी, कुठं लागलंय तुम्हाला?”

मी म्हणाले, “काय लागलंय?”

ती म्हणाली, “त्यांनी ढकललं ना. ते म्हणतात नाही ढकललं. पण तुम्ही एवढ्या मोठ्या, तुम्ही खोटं कशाला बोलाल? घाईगर्दीत झालं असेल, त्यांना कळलंही नसेल. मी मलम आणलंय. आमच्याकडे हाडाला मार बसला की हेच लावतो. बसा, मी चोळून देते.”

मी बसले. तिने कोपर विचारले, मी पुढे केले. तिने दोन्ही कोपरांना मलम चोळले, कारण कुठले ते मला सांगता येईना. तिच्या हाताला मटणाचा वास नव्हता. दोन दिवस दुकान बंद आहे. ती म्हणाली, “त्यांच्याकडून मी माफी मागते. तुम्ही त्यांना दोन थोबाडीत मारल्या असत्या तरी चाललं असतं. उद्या दुपारी पुन्हा कोर्टात नेणार आहेत. साहेब म्हणाले, ढकलल्याचं कलम लागलंय म्हणून लवकर सोडणार नाहीत.” जाताना तिने मलमाची डबी तिथेच ठेवली. “रात्री पुन्हा लावा,” म्हणाली.

मी तिला तेव्हाही काही सांगितले नाही. मलम लावून घेतले, एवढे लिहा.

मी ठाण्यात आल्याचे माझ्या मुलाला माहीत नाही. मला वाचता येत नाही हेही त्याला माहीत नाही. शाळेत असताना तो माझ्याकडून प्रगतिपुस्तकावर सही घेऊन जायचा आणि मी त्याला कमी मार्कांवरून रागवायची, आकडे बघून. हा जबाब कोर्टात सगळ्यांसमोर वाचला जाईल असे हवालदारबाईंनी मला सांगितले. खोटी तक्रार दिली म्हणून माझ्यावरही कारवाई होऊ शकते हेही सांगितले. दोन्ही समजले.

तपासणीवाल्यांनी नमुने परत द्यावेत, सील काढावे आणि हळूभाऊला सोडावे असे माझे सांगणे आहे. ते माझ्या सांगण्याने होते की नाही हे मला माहीत नाही. लावले तेव्हा माझ्याच सांगण्याने लागले होते.

मी बोलत असताना बारा वाजण्याच्या सुमारास हळूभाऊला याच खोलीतून पलीकडे नेले. त्याने मला पाहिले. पुढच्या बाकावर पाय पसरून एक माणूस बसला होता, त्याला हळूभाऊ म्हणाला, “जरा सरका, आजींना तिथं वारा लागत नाही.” त्याला मी का आले ते माहीत नव्हते. मी त्याला हाक मारणार होते. त्याचे खरे नाव मला माहीत नाही, आणि ठाण्यात हळूभाऊ म्हणवेना. तोवर त्याला नेले.

वरील मजकूर हवालदारबाईंनी मला वाचून दाखवला. पहिल्या वेळी मी सवयीप्रमाणे मान हलवत गेले आणि कानात काही शिरले नाही. म्हणून मी त्यांना पुन्हा वाचायला लावला आणि या वेळी एकेक वाक्य झाल्यावर थांबायला सांगितले. शेवटी त्यांनी आपल्याकडून एक ओळ घातली होती, की सदरची तक्रार माझ्याकडून गैरसमजातून दिली गेली. ती मी खोडायला सांगितली. त्या म्हणाल्या, “राहू द्या, आजी. तुमच्याच फायद्याचं आहे.” मी म्हणाले, “माझ्या फायद्याचं मंगळवारी लिहून झालंय.” गैरसमज मंगळवारी संध्याकाळी सातपर्यंत होता. त्यानंतर नव्हता. तिथे आता ‘सातनंतर जाणूनबुजून गप्प राहिले, बुधवारी विचारल्यावर खोटे बोलले’ असे लिहिले आहे. ते त्यांनी मला तिसऱ्यांदा वाचून दाखवले. तसेच आहे.

सही मी केली आहे. वर काय लिहिले आहे ते या वेळी मला माहीत आहे.